कल

सर म्हणाले, पहिल्या प्रकरणाला नाव द्या :
'मृदा आरोग्य : संशोधनाचे कल'.
मी आलेख काढला.
वीस वर्षांत 'विना-नांगरणी' हा शब्द
किती निबंधांत आला, त्याची रेघ
उजवीकडं चढत गेलेली,
सप्तशृंगीच्या पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्यासारखी,
मधेच टेकत, पुन्हा उठत.

तात्या मागून डोकावले. हाताला डिझेलचा वास.
"काय लिहू राहिली?"
"कल."
"कुठल्या वावराचा?"
मी हसले. ते नाही हसले.
"वत्सलाबाईच्या वावराचा वढ्याकडं हाये.
आपल्या मळईचा कादवेकडं.
ह्याला एवढे कागद?"

तात्यांचा ट्रॅक्टर तासावर चालतो.
नैताळ्यापासून शिवडीपर्यंत
त्यांच्या फणाखालून फिरली नाही अशी माती
फक्त स्मशानाची, असं तेच सांगतात.
माझी बारावी रोटाव्हेटरनं भरली,
वसतिगृहाचं डिपॉझिट पलटी नांगरानं.
आणि आता मला दरमहा जे विद्यावेतन मिळतं
त्याचं सगळं म्हणणं एका ओळीत मावतं :
नांगरू नका.
ही ओळ मी घरात मोठ्यानं वाचलेली नाही.

मार्गशीर्षात, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात
तेव्हा मी तात्यांच्या दोन जुन्या बंड्या घेतल्या,
निव्वळ सुती, काखेत विरलेल्या.
एक आमच्या गव्हात पुरली, वीतभर खोल.
दुसरी वत्सलाबाई ढोमसेंच्या.
सहा वर्षं त्यांच्या वावरात लोखंड उतरलेलं नाही.
सोयाबीनचा भुसा तसाच वर, त्यातूनच गहू टोकलेला.
लोक म्हणायचे, बाईनं वावराला गोधडी घातली,
आता पाळणाही बांधेल.
त्या म्हणायच्या, उन्हाळ्यात तुम्ही उघडे निजता का?

सत्तर दिवसांनी उकरलं.
आमच्यातून निघाली बंडी.
मळकी, पण बंडीच. खिशासकट.
त्यांच्यातून निघालं एक बटण
आणि पॉलिस्टरच्या शिलाईचा दोरा,
काखेची गोलाई धरून बसलेला,
जणू कुणी बंडीचं चित्र काढलं
आणि आतली बंडी पुसून टाकली.
गळ्यापाशी एक गांडूळ, घाईत.

सेंद्रिय कर्ब : आमचा शून्य पूर्णांक अडतीस.
त्यांचा शून्य पूर्णांक एकाहत्तर.
एका टक्क्याचा तिसरा भाग,
त्यासाठी सहा वर्षं, आणि सहा वर्षांची चेष्टा.
तक्त्यात चेष्टेला रकाना नाही.

तात्यांनी दोरा बोटावर घेतला, उजेडात धरला.
"कोणी खाल्ली?"
बुरशी, म्हटलं. जिवाणू. डोळ्यांना न दिसणारे.
"मग आपल्या वावराला भूक नाही का?"
"भूक आहे, तात्या.
खाणारी तोंडं उरली नाहीत."

हे बोलायला नको होतं.
ते बराच वेळ टायरची माती काढत बसले,
काडीनं, खाचेखाचेतून,
आणि काढलेली माती झटकली नाहीत,
पायाशी ढीग करत गेले.

सकाळी शिवडीहून फोन आला. चार एकर.
ते गेले. जाणारच.
डिझेलची उधारी कर्बावर फिटत नसते.
मीही डबा भरून दिला.

संध्याकाळी जेवताना, ताटाकडं बघत :
"आपल्या मळईत आज पाळी घातली.
खालच्या कोपऱ्यात फण उचलला."
"का?"
"तिथं तसाबी ट्रॅक्टर वळत नाही."
तिथं ट्रॅक्टर तीस वर्षं वळतो.
मी भाकरी मोडत राहिले.

दोन गुंठे असतील. सव्वादोन.
आलेखात हा ठिपका कुठं बसतो
ते सरांना विचारायचंय.

न कुजलेली बंडी मी पुरावा म्हणून ठेवणार होते,
पिशवीत, तारीख घालून.
सकाळी पाहते तर तारेवर, धुतलेली.
"टाकायची कशाला," तात्या म्हणाले, "चांगली हाये,"
आणि दुपारी तीच घालून
खालच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.